लाल तर्रीचा आचारी आणि पांढरं सूप

आधी माफी मागतो. गेलेल्या माणसाबद्दल या पुरवणीत जे लोक लिहितात त्यांना लिहिण्याची सवय असते, आणि ज्यांच्याबद्दल लिहितात ती माणसंही चार लोकांना माहीत असतात. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी बुलढाण्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि परीक्षेच्या पेपरशिवाय सलग दोन पानं मी कधी लिहिलेली नाहीत. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, म्हणून ‘तू लिही’ असं सगळ्यांनी ठरवलं, जसं ‘तू फॉर्म भर’, ‘तू डॉक्टरशी बोल’ असं ठरवतात. लिहायला बसलो की दुःख बाजूला राहतं आणि राग येतो, ही दुसरी अडचण. मेलेल्या माणसाबद्दल लिहिताना राग धरू नये, असं बाबांनी बजावलं आहे. मी प्रयत्न करतो. पण मला जे सांगता येतं ते एका सुपाबद्दल आहे, आणि त्या सुपाची आठवण मला अजून तरी शांतपणे काढता आलेली नाही...

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सुखदेव आचारी म्हणून ओळखले जायचे. चिखली तालुक्यातल्या आमच्या भागात लग्न ठरलं की तारीख आधी त्यांना विचारायची, मग मंडपवाल्याला. वांग्याची भाजी, वरण-बट्टी, बुंदी. त्यांच्या भाजीवर बोटभर लाल तर्री तरंगायची आणि ती तर्री वाढताना डाव किती तिरपा धरायचा हे ते पोरांना शिकवायचे. भाजी कशी झाली हे ते कोणाला विचारत नसत. उठलेल्या पंगतीच्या पत्रावळ्या बघत फिरायचे. ताटात वाढलेलं टाकणं त्यांना सहन होत नसे. एकदा वरपक्षाकडच्या एका जाड्या पाहुण्यानं अर्धं वांगं तसंच ठेवलं, तेव्हा मोठे बाबा त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. “पाव्हणे, हे वांगं तुमच्यावर रुसलं काय? समजूत काढू काय त्याची?” पाहुण्यानं मान खाली घालून वांगं संपवलं. स्वतः मोठे बाबाही कोणाच्या घरी ताटावर बसले की मिठाचा कण ठेवत नसत. त्यांना मुलगा नाही. मुलगी लग्न होऊन जालन्याकडे गेलेली. आमची दोन घरं एका अंगणात असल्यामुळे मी अर्धा त्यांच्याच घरी वाढलो.

गेल्या पावसाळ्यात त्यांचं जेवण कमी झालं. पोटात जळजळ, मग उलट्या. संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा जठराला गाठ निघाली. ऑपरेशननं निघेल, डॉक्टर म्हणाले, पण एवढ्या अंगानं हा माणूस टेबलावर घेता येणार नाही. चार किलो वजन वाढवून आणा, मग तारीख देतो. चार किलो. आमच्या गावात वासराचं वजनसुद्धा लोक नुसत्या नजरेनं सांगतात, आणि आता आम्हाला एका माणसावर चार किलो चढवायचे होते. तिखट बंद, तेल बंद, तळलेलं बंद. दूध त्यांना पचत नव्हतं, अंडी-मटण त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी सोडलेलं. तेव्हा आहार सांगणाऱ्या मॅडमनी एक छापील कागद दिला आणि त्यातल्या एका ओळीवर पेनानं गोल केला. कागद इंग्रजीत होता, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हलकं, एशियन पद्धतीचं, टोफू आणि भाज्यांचं सूप, दिवसातून दोनदा, असं मी वाचून सांगितलं.

“एशियन म्हणजे कोणत्या गावचं?” मोठ्या बाबांनी विचारलं.

“आशिया खंड, मोठे बाबा. चीन, जपान... आपणही आशियातच येतो.”

“मंग आपल्यासारखं तिखट काऊन नाही?”

मॅडम हसल्या. मीही हसलो. तेव्हा मला वाटलं होतं, एक सूप तर करायचंय.

टोफू आम्हाला कुठेही मिळाला नाही. चिखलीत दोन डेअऱ्या आणि एक मोठं किराणा दुकान पालथं घातलं. तिघांनीही पनीर पुढे केलं. खामगावला बाबांच्या ओळखीचे एक जण होते, त्यांनी बाजारात चौकशी केली आणि फोनवर म्हणाले, ते शहरातले लोक खातात. मोबाइलवर सूप करण्याचे व्हिडिओ पाहिले तर प्रत्येक व्हिडिओची सुरुवात सारखीच. स्वच्छ ओटा, स्वच्छ बाई, आणि “टोफूचं एक पाकीट घ्या.” त्या पाकिटाचा मला इतका राग यायचा की मी मोबाइल पालथा ठेवायचो. आणि गंमत बघा, ज्याच्यापासून हा टोफू बनतो ते सोयाबीन आमच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेलं होतं. मी जन्मायच्या आधीपासून आमच्या वावरात सोयाबीन पेरतात. आम्ही ते कापतो, मळतो, त्याच्या पोत्यांवर बसून अभ्यास करतो, पण त्यातला एक दाणा कधी आमच्या चुलीवर चढलेला नव्हता. मी शेरभर भिजत घातलं तेव्हा मोठी माय, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, पातेल्याकडे बघत राहिली. “याची तं तेल काढून ढेप करतात रे, ढोरायसाठी,” ती म्हणाली. “आजारी माणसाले ढेप चारतं काय तू?”

दिवाळीच्या सुट्या लागल्या होत्या. घरातली सगळी कापूस वेचायला जायची, त्यामुळे दिवसभर घरात मी आणि मोठे बाबा. ते मधल्या दारात बाजेवर पडून असायचे, तिथून ओटा सरळ दिसतो. म्हणजे माझी पहिली फजिती त्यांनी अगदी सुरुवातीपासून पाहिली. भिजलेलं सोयाबीन मिक्सरमध्ये गच्च भरलं, झाकण उडालं, भिंतीवर पांढरं शिंपण झालं. उरलेलं वाटलं, त्यात बदाबदा पाणी ओतलं, मोठ्या मायच्या जुन्या लुगड्यातून गाळलं आणि ते दूध गॅसवर ठेवलं. फेस असा वर आला की मी फुंकर मारत राहिलो आणि तो ओट्यावरून खाली उतरला. मग गॅस बारीक केला तर बुडाला लागलं. उकळत्या दुधातच लिंबू पिळलं आणि डावानं घुसळत बसलो. दही जमायच्या जागी वाळूसारखे कण झाले. ते कण गाळून, गाजर आणि पानकोबी पार मऊ होईपर्यंत शिजवलेल्या पाण्यात टाकले आणि वाटी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी एक घोट घेतला. डोळे मिटले.

“याले ओल्या बारदान्याचा वास येऊन राह्यला,” ते म्हणाले.

“पहिल्यांदाच केलं मोठे बाबा.”

“ते दिसूनच राह्यलं. हे खाऊन माणूस बरा होते का साधू होते?” असं म्हणत त्यांनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा. प्रत्येक घोटाला एक शिवी सुपाला आणि एक मला. पानकोबीचा एक तुकडा बोटानं उचलून उजेडाकडे धरला. “हिले काऊन इतकी मारली बे? तिनं काय केलं होतं तुह्यं?” वाटी रिकामी करून त्यांनी माझ्याकडे दिली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी ओटा पुसत होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते दुःखाचं नव्हतं. सकाळपासून चार तास गेले होते आणि हाती आलं होतं ते ओल्या बारदान्याचं पाणी.

असे पंधरा-वीस दिवस गेले. रोज दोनदा. वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, आणि ती नेमकी भिजलेलं सोयाबीन मिक्सरमध्ये पडलं की जायची. कधी दूध कच्चं राहायचं, कधी करपायचं. एकदा टोफू जमला, पण इतका आंबट की वाटी तोंडाला लावताच त्यांचे कान हलले. भेटीला येणारे लोक दारातून आत डोकावून सल्ले द्यायचे आणि जाताना बिस्किटाचे पुडे ठेवून जायचे. मी इंटरनेटवर वाचलं की मॅग्नेशियम सल्फेटनं टोफू लिंबापेक्षा चांगला जमतो. मला एकदम धीर आला, कारण हे माझ्या विषयातलं होतं, आणि बाबांनी आणलेली त्याची अर्धी बॅग कोठ्यात पडलेली होती. कपाशीवर लाल्या आला, पानं लाल पडायला लागली, की तेच पाण्यातून फवारतात. मी वाटीत घेऊन आलो. मोठे बाबा बाजेवरून उठून बसले.

“ते काय आणलं?”

मी सांगितलं. सूत्रसुद्धा सांगितलं.

“मले लाल्या झाला काय बे?”

“मोठे बाबा, रसायन तेच असतं. टोफूवाले हेच वापरतात.”

“बॅग इकडं आण.” मी आणली. “तू शिकेल हायस नं? मंग वाच, काय लिहिलं हाय त्याच्यावर.” त्यावर फक्त शेतीसाठी असं लिहिलेलं होतं, मोठ्या अक्षरात. खाण्याचं वेगळं मिळतं, शुद्ध केलेलं, आणि खताच्या बॅगेत काय काय मिसळलेलं असेल ते कोणी सांगू शकत नाही, हे मला माहीत होतं. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. कान लाल झाले माझे. त्या दिवशी मी पुन्हा लिंबूच पिळलं, पुन्हा कण झाले, आणि त्यांनी ते कणही खाल्ले. “खतापरीस बरं हाय,” म्हणाले. ही माझ्या सुपाला त्यांनी दिलेली एकमेव पावती.

दर आठवड्याला वजन फोनवर कळवायचं होतं. गावात माणसाचं वजन करायचा काटा नाही, म्हणून आम्ही त्यांना धान्य घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर न्यायचो. सोयाबीनचं पोतं उतरवलं की मोठे बाबा चढायचे, दोन्ही हात बाजूला धरून, फोटो काढायला उभे राहिल्यासारखे. “बारदाना वजा करजो बा,” अंगावरच्या धोतर-सदऱ्याकडे बोट दाखवून ते व्यापाऱ्याला म्हणायचे. सुट्यांच्या शेवटी काटा दीड किलो जास्त दाखवत होता. दवाखान्यात मॅडम खूश झाल्या. मी मात्र खूश नव्हतो. मला वाटलं, आराम मिळाला म्हणून वाढलं असेल. माझ्या त्या घाण सुपानं कोणाचं वजन वाढत असेल यावर माझा विश्वासच नव्हता. अडीच किलो अजून बाकी होते आणि कॉलेज सोमवारी सुरू होत होतं.

म्हणून रविवारी संध्याकाळी अंगणात सगळे बसले असताना मी सांगून टाकलं की या वेळी मी परीक्षा देत नाही. ऑपरेशन होईपर्यंत इथेच राहतो, पेपर पुढच्या वर्षी देता येतील. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मोठे बाबा बाजेवरून म्हणाले, “कायची परीक्षा हाय?”

“रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल आधी. मग पेपर.”

“किती दिवस?”

“डिसेंबर अख्खा जाईल.”

“हूं,” म्हणाले आणि कूस बदलली.

सकाळी मला मिक्सरच्या आवाजानं जाग आली. मोठे बाबा ओट्याशी उभे होते. धोतर वर खोचलेलं, खांद्यावर दुपट्टं, लग्नातल्यासारखे. मी धावत गेलो.

“हो बाजूले,” ते म्हणाले. “वीस दिवस पाह्यलं तुह्यं. दुनियेतलं सगळ्यात वंगाळ सूप करतं तू.”

“तुमाले उभं राहवत नाही मोठे बाबा...”

“पाचशे माणसाचं रांधलं म्या. हे एवढं बोळकं मले जड हाय काय? पाह्य अन् शिक, अन् मंग परीक्षेले जाय. रोजचं मी करीन.”

मी पाहिलं. त्यांनी पाणी मोजकंच घातलं. दूध उकळायला लागलं तसं डावाच्या पाठीनं फेस दाबत राहिले, कच्चा वास पूर्ण जाईपर्यंत, आणि मग गॅस बंद करून चक्क खुर्चीवर बसले. लिंबाचा रस कोमट पाण्यात मिसळून ठेवला होता. मला घाई झाली होती, बस होती साडेनऊची. “पंगत बसली म्हणून भात लवकर शिजत नाही,” ते म्हणाले. वाफ जरा उतरल्यावर तो रस तीन वेळा करून, दुधावर हलकेच फिरवत सोडला, एकदाच ढवळलं, झाकण ठेवलं. उघडलं तेव्हा पिवळसर पाण्यात पांढरे ढग जमलेले होते. ते कापडात बांधून चाळणीत ठेवले आणि वर वरवंटा. “हे तं पनीरच हाय बे,” त्यांनी मान हलवली. “गाय तेवढी वावरातली.” मग सूप. आल्याच्या पातळ चकत्या, ठेचलेला लसूण, आधी गाजर, मग पानकोबी, पालक अगदी शेवटी. मी बुलढाण्याहून आणलेल्या सोया सॉसच्या बाटलीचं बूच त्यांनी हुंगलं आणि चार थेंब टाकले. टोफूचे चौकोनी तुकडे सोडले, ते फुटले नाहीत. वरून पातीचा कांदा आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. ते सूप मी अजून विसरलेलो नाही. तेलाचा थेंब नाही, तिखट नाही, आणि तरी वाटी संपल्यावर माणूस वाटीकडे बघत राहील असं. त्यांनी मला वाढलं, बाबांना वाढलं, शेजारच्या भिकाजी मामांना हाक मारून वाढलं.

“तुमी घ्या नं मोठे बाबा.”

“घेतो. तू आटप, बस जाईन तुही.”

बसमध्ये खिडकीशी बसून मला इतकं हलकं वाटलं होतं. थोडा रागही आला होता, खोटं कशाला बोलू. वीस दिवस मी हात भाजून घेतले आणि या माणसानं पहिल्या झटक्यात करून दाखवलं. पण चला, आता जमलं. माझं काम झालं.

मी रोज संध्याकाळी फोन करायचो. “सूप केलं काय?” “केलं.” “दोनदा?” “दोनदा.” “संपलं?” “पातेलं धुऊन पालथं घातलं.” मग तेच मला विचारायचे, प्रॅक्टिकल कसं झालं, कोणतं द्रावण आलं, रंग कोणता आला. दवाखान्यातून मॅडमचा फोन आला की मी सांगायचो, हो मॅडम, रोज दोन वाट्या. इतक्या खात्रीनं सांगायचो, जणू मी समोर बसून मोजतो आहे. एका शनिवारी घरी गेलो तर मोठ्या बाबांच्या ओसरीत जत्रा भरलेली. आजाऱ्याला भेटायला आलेले लोक भिंतीला पाठ टेकून ओळीनं बसलेले आणि मोठे बाबा स्टीलच्या पेल्यांतून त्यांना सूप वाढत होते. आमच्याकडे भेटीला आलेल्याला चहाशिवाय जाऊ देत नाहीत. तिथे आता सूप मिळत होतं.

“सुखदेव, याच्यात जरा तिखट पडलं असतं तं...” भिकाजी मामा म्हणाले.

“तुह्या तेरवीले टाकीन. आता गप पे.”

सगळे हसले. मोठे बाबा लुगडीवाल्या बायांपासून कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांचे पेले बघत फिरत होते, कोणाचं किती उरलं ते. त्यांचे गाल आत गेलेले मला दिसले, पण चेहरा कितीतरी दिवसांनी लग्नाच्या मंडपातला होता. मी विचारलं, “तुमचं झालं काय?” तर म्हणाले, “तू बस पहिले.” मी बसलो. मी प्यालो. गरम होतं, चांगलं होतं... आणखी एक पेला मागितला.

दुसऱ्या दिवशी काट्यावर नेलं. वाढलेलं दीड किलो गेलं होतं आणि वर आणखी एक. व्यापाऱ्यानं आकडा दोनदा बघितला आणि या वेळी मोठे बाबा बारदान्याचं काही बोलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, एवढा आहार असताना उतरायला नको, तारीख आता देता येणार नाही. मग पुढच्या आठवड्यातही उतरलं. मला कळेना. मी कागद पुन्हा वाचला, शब्द न् शब्द. सोयाबीनमध्ये किती प्रथिनं असतात ते पुस्तकात बघितलं. हिशेबात काहीच चुकत नव्हतं, म्हणजे चुकत होता तो माणूस, असं मी ठरवलं. शेवटच्या पेपराच्या आधीच्या रविवारी मी गावी गेलो तो भांडायच्या तयारीनंच.

“तुमी लपून भजे खाता नं?” मी विचारलं. ते बाजेवर बसलेले होते, अंगावर घोंगडी.

“कोणाची शपथ घेऊ?”

“मंग वजन काऊन उतरून राह्यलं? सूप जाते कुठं?”

“पातेलं रोज रिकामं होते. इचार तुह्या मोठ्या मायले.”

मी मोठ्या मायकडे बघितलं. ती कापसाच्या बोंडातला काडीकचरा वेचत होती, तिनं वर पाहिलं नाही. मी खूप बोललो. आम्ही सगळे तुमच्यासाठी मरमर करतोय आणि तुम्हाला पथ्य पाळता येत नाही, असं म्हणालो. तुम्हाला बरं व्हायचंच नाही, असंही म्हणालो. वयानं तिप्पट मोठ्या माणसाशी मी जन्मात असं बोललो नव्हतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“पेपर कवा हाय?” त्यांनी विचारलं.

“उद्या.”

“मंग जाय.”

आमचं शेवटचं बोलणं एवढंच. पुढे ते उठून ओट्याशी जाऊ शकले नाहीत, सलाइनवर राहिले, आणि पेपर आटोपून मी आलो तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, बाबांचा फोन आला. “नित्या, ये,” एवढंच म्हणाले, आणि मी काय ते समजलो.

तेरवीचा स्वयंपाक त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या दोघांनी केला. जेवण झाल्यावर लोक अंगणात बसले आणि सुखदेव आचाऱ्याच्या गोष्टी निघाल्या, आणि काय आश्चर्य, तर्रीवरून गाडी लवकरच सुपावर आली. कोणी म्हणालं, मले तीन वेळा देलं. कोणी म्हणालं, माह्या नातवाचा ताप त्याच सुपानं उतरला. एक बाई म्हणाली, मी तं मुद्दाम जेवणाच्या वेळेले जाई. मी पत्रावळ्या गोळा करत ऐकत होतो आणि मनात पेले मोजत होतो. बोळकंभर सूप व्हायचं. त्यात इतके पेले... माझा राग पाहुण्यांकडे वळला, त्या फुकट्या, हावरट भेटीला येणाऱ्यांकडे, आणि त्यांच्यात मीही एक पेला जास्तीचा मागितलेला होता. तरी मला वाटायचं, करणारा माणूस निदान वाटीभर तर बाजूला काढून ठेवतच असेल. कोण नाही ठेवणार?

गेल्या रविवारी मी मोठ्या मायला पेन्शनच्या अर्जावर सही करायला शिकवत होतो. तिचा हात धरून अक्षर काढता काढता मी विचारलं की मोठी माय, एवढं चांगलं सूप पोटात जाऊन माणूस असा कसा वाळला? तिनं पेन खाली ठेवलं. इतके आठवडे ती फार बोललेली नव्हती.

“कोणाच्या पोटात?” ती म्हणाली. “सोताच्या हातचं आचाऱ्याले जाते काय? जल्मभर नाही गेलं. लगन उरकून घरी येत तं मले पिठलं टाकाले लावत. धुरानंच पोट भरते म्हणत. पुढ्यात दुसऱ्यानं आणून ठेवलं, तं कसंबी असो, खात. तुह्यं ते जळकं खाल्लं, गुठळ्याचं खाल्लं, आंबट खाल्लं, सगळं खाल्लं. सोता करू लागले त्या दिवसापासून एक घोट नाही बापू. म्या करून पाह्यलं तं, पंगतीचं आचारीच रांधन म्हणत, मले ओट्याशी येऊ देईनात. पेज पाजे मी, ती दोन चमचे.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“सांगणार होते. फोन घेतला होता हातात. म्हटलं, बोलावते नित्याले, तो करन तं तुमी खासान. त्यायनं फोन घेऊन उशाखाली ठेवला. म्हणे, त्याले बोलावशील तं त्याचा पेपर काय म्या लिहू?”